घर हेच मचाण: वर्षावनाच्या कडेला राहून वन्यजीव कसे पाहावेत

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, रानाला लागून जुनं कौलारू घर घेतलंय. तीन बाजूंना जंगल, मागे कापलेली दरड, खाली व्हाळ, म्हणजे ओढा. सहा महिने झाले, रोज पहाटे तासभर जंगलात फिरून येता, पण माकडं आणि चार-दोन ओळखीचे पक्षी यापलीकडे काही दिसत नाही. अंगणात मोठा फ्लडलाइट बसवलाय. आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घ्यायचा विचार आहे. प्राणी जवळ यावेत म्हणून केळी ठेवली तर चालतील का, असंही विचारलंय. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून सापांची धास्ती वाटते.

आंबोली ते तिलारी या पट्ट्यात मी २५ वर्षांहून जास्त काळ राहतोय, फिरतोय, लोकांना जंगल दाखवतोय. त्यावरून सांगतो, तुमच्या जागेत काही नाही असं मुळीच नाही. तुम्ही चालताय, म्हणून दिसत नाही. सदाहरित रानात दहा-पंधरा पावलांपुढचं दिसत नाही आणि वाळलेल्या पातेऱ्यावर पडलेलं आपलं पाऊल मात्र शंभर पावलांवर ऐकू जातं. आपण पोचेपर्यंत सगळे सावध होऊन बाजूला झालेले असतात. दोन दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाला चालण्यावाचून इलाज नसतो. तुम्हाला आहे, कारण तुम्ही तिथेच राहता. तुमचं घर प्राण्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे. पडवीत बसलेल्या माणसाला ते जेवढं जवळ येऊ देतात, तेवढं रानात चालणाऱ्याला कधीच येऊ देत नाहीत. तेव्हा पहाटेची फेरी महिनाभर बंद ठेवा आणि घराचं मचाण करा.

सुरुवात दिव्यापासून. तो फ्लडलाइट आजच काढा. तुम्ही जे बघायला तिथे राहायला गेलात, त्यातलं निम्मं रात्री बाहेर पडतं आणि तुमचा दिवा त्याला थोपवून धरतो. किडे दिव्याकडे ‘ओढले’ जातात असं आपण म्हणतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं, तेव्हा वेगळंच दिसलं. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवायचा प्रयत्न करतो, कारण एरवी रात्रीही उजेडाची बाजू म्हणजे आकाश, म्हणजे वर. दिवा बाजूला किंवा खाली असला की त्याचं वर-खाली चुकतं आणि तो त्याच दिव्याभोवती गरगरत राहतो. पांढऱ्या-निळसर एलईडीखाली सकाळी मेलेल्या पतंगांचा जो खच दिसतो, तो असा साठतो. रात्री परागीभवन करणारे, लाजवंती (मोठ्या डोळ्यांचा, झाडावर राहणारा छोटा निशाचर प्राणी) आणि वटवाघळं यांच्या तोंडी जाणारे हे कीटक तुमच्या अंगणातच संपतात. शिवाय जोडीचा संकेत शोधणाऱ्या काजव्याला त्या उजेडात जोडीदार दिसतच नाही. मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या पावसानंतर तुमच्या व्हाळावर काजवे येतील. तेव्हा दिवा चालू असेल तर तुम्हाला ते दिसणार नाहीत आणि त्यांनाही एकमेक दिसणार नाहीत.

सुरक्षेसाठी उजेड हवाच असेल तर पिवळसर, कमी वॅटचा, वरून झाकलेला, खाली जमिनीवर पडणारा आणि माणूस आल्यावरच लागणारा दिवा लावा. पतंग बघायचेत तर महिन्यातून एक-दोनदा, अमावास्येच्या आसपास, पांढरी चादर दोरीवर टाका, तिच्यासमोर दिवा लावा आणि दोन तासांनी बंद करा. चादर रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी कोतवाल आणि बुलबुल येऊन एकेक पतंग टिपून नेतात. पावसाळ्यात कधीतरी त्या चादरीवर ॲटलास पतंग येईल, पंख पसरल्यावर तुमच्या मुलीच्या दोन्ही तळहातांहून मोठा. त्याला खायला तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो, तेवढ्यात जोडीदार शोधतो आणि संपतो. त्याची एक रात्र दिव्याभोवती फुकट जाणं म्हणजे काय, हे त्या हिशोबात बघा.

आता बसायचं कुठे आणि कधी. पडवीत जिथून व्हाळाकडची उघडी जागा आणि रानाची कड दोन्ही दिसतात, अशी एकच जागा ठरवा. रोज तीच. उजाडायच्या आधी अर्धा तास आणि संध्याकाळी दिवेलागणीचा अर्धा तास. चहा घेऊन बसा, पण बोलू नका आणि मोबाइल आत ठेवा. पहिल्या आठवड्यात काही दिसणार नाही. नुसतं ऐका. वर्षावनात डोळ्यांआधी कान कामाला येतात. अंधार असतानाच व्हाळातून कुणीतरी माणूस आळसावून, सूर सापडत नसल्यासारखी शीळ घालतोय असं वाटेल. तो शीळकरी कस्तुर. पावसाळ्यात त्याची पहाट सगळ्यांच्या आधी होते. तो दरडीच्या कपारीत घरटं करतो आणि कधीकधी घराच्या वाशांवरही. आपल्या वाशावर तो आला तर नशीब समजा आणि तो कोपरा दोन महिने झाडू नका.

हळूहळू हाका वेगळ्या करता येऊ लागतात. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, पण एकसुरी, थांबून थांबून येणारा आवाज भेकराचा. झाडाच्या शेंड्यावरून खडखडाट करत ओरडतो तो शेकरू. वानराची घशातून येणारी ‘खक्’ अशी हाक आणि त्याच वेळी भेकर, दोन्ही एकाच बाजूने येत असतील तर तिथे खाली बिबट्या चालतोय, असं धरायला हरकत नाही. भृंगराजाने मात्र मला अनेकदा चकवलंय. तो इतर पक्ष्यांच्या हाका इतक्या हुबेहूब काढतो की नवख्याने वहीत दहा पक्षी लिहावेत आणि फांदीवर लांब शेपटीचा एकच काळा पक्षी बसलेला असावा.

याच भृंगराजाच्या मागे लागून तुम्हाला मिश्र थवा सापडेल. पावसाळा सरला की, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान रान एकदम गजबजतं. निखार, मखमली शिलिंध्री, सुतार, वटवटे, हळद्या, भृंगराज सगळे एकत्र, एकाच दिशेने झाडं चाळत जातात. एकाने उठवलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिकारी पक्षी आला तर इशारा सगळ्यांना मिळतो. पंधरा मिनिटांत थवा पुढे निघून जातो आणि रान पुन्हा मुकं होतं. चालणाऱ्या माणसाला हा थवा क्वचितच गाठ पडतो. बसणाऱ्याच्या लक्षात येतं की तो दर दोन-तीन दिवसांनी जवळपास त्याच वाटेने, त्याच वेळेला येतो.

पण तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर फळं धरणारं झाड शोधा. बाकी सगळं राहिलं तरी चालेल. तुमच्या हद्दीत किंवा गडग्यापलीकडे, म्हणजे चिऱ्याच्या कुंपणापलीकडे, उंबर, नांदरुक, पायर असं वडाच्या कुळातलं झाड नक्की असेल. या झाडांचं वेळापत्रक निराळं असतं. आंबा-जांभळासारखा सगळ्यांचा हंगाम एकदम येत नाही. हे नांदरुक जानेवारीत पिकेल, पलीकडचं एप्रिलमध्ये आणि एक झाड पिकलं की एकदम सगळंच्या सगळं पिकतं. त्यांचं परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशी त्या फळातच वाढते आणि दुसऱ्या झाडावर कच्ची फळं तयार असतील तरच तिचा वंश टिकतो. त्यामुळे रानात वर्षभर कुठे ना कुठे एखादं झाड फळावर असतं. बाकी रान उपाशी असतानाही हे झाड जेवण मांडून बसलेलं असतं.

तुमच्या जवळचं नांदरुक पिकलं की सगळी कामं बाजूला ठेवा. पंचवीस-तीस पावलांवर झुडपाआड खुर्ची टाका आणि सलग दोन-तीन दिवस बसा. पहाटे कुटुर्गे आणि हिरवी कबुतरं येतात. कबुतरं पानांत इतकी मिसळून जातात की फळं टपटप पडताना दिसतात, पण पाडणारा दिसत नाही. ऊन चढलं की शेकरू येतो आणि पालथा लटकून खातो. मग एखाद्या सकाळी वरून आवाज येईल, आगगाडीचं इंजिन वाफ सोडत जावं तसा, मोठ्ठा, लयीत. तो महाधनेशाच्या पंखांचा आवाज. इथे जुनी माणसं त्याला गरुडच म्हणतात. त्याच्या उडण्याच्या पिसांच्या मुळाशी इतर पक्ष्यांसारखं झाकण नसतं, त्या फटींतून हवा जाते म्हणून हा एवढा आवाज. फांदीवर बसला की फळ चोचीच्या टोकात अलगद धरतो, मान मागे झटकतो, फळ हवेत उडवतो आणि घशात झेलतो. एवढी अवजड चोच, पण तिच्यातलं फळ दबत नाही.

संध्याकाळी उठू नका. खालची पाळी तेव्हा सुरू होते. दिवसभरात सांडलेली फळं वेचायला भेकर येतं आणि फारच नशीब असेल तर पिसोरी, सशाएवढं आणि अंगावर पांढरे ठिपके असलेलं हरणासारखं जनावर. अंधार पडल्यावर वटवाघळं येतात आणि कांडेचोर, मांजरासारखा फळं खाणारा निशाचर प्राणी. एका झाडाखाली ही वर्दळ बघितली की ‘प्राणी यावेत म्हणून केळी ठेवू का’ याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. जेवण आधीच मांडलेलं आहे. केळी ठेवलीत तर पहिली माकडं येतील, आठवड्याभरात ती स्वयंपाकघरात शिरतील, मुलीच्या हातातला खाऊ हिसकावतील आणि मग तुम्हीच त्यांच्यामागे फटाके घेऊन पळाल. उन्हाळ्यात, मार्च ते मे, मातीच्या पसरट भांड्यात दोन बोटं पाणी ठेवा आणि एक दिवसाआड घासून बदला. यापलीकडे काही देऊ नका.

धनेशाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती तुमच्या हातात आहे. त्याची मादी जिवंत, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. काही महिने नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. नराला काही झालं, किंवा माणसं जवळ घुटमळताहेत म्हणून तो यायचा थांबला, तर आतलं सगळं कुटुंब उपाशी राहतं. तुमच्या जागेत एखादं पोकळ झालेलं जुनं किंजळ किंवा सातवीण असेल. कुणीतरी येऊन सांगेल की पोकळ झाड आहे, काही कामाचं नाही, लाकडाला देऊन टाका. देऊ नका. ढोल पडायला झाडाला कित्येक दशकं लागतात आणि धनेश वर्षानुवर्षं त्याच ढोलीत परत येतात. जानेवारी ते मे कुठल्या झाडाखाली बियांचा आणि विष्ठेचा ढीग साचताना दिसला तर लांबूनच परत फिरा आणि कुणाला फोटोला बोलावू नका.

कॅमेरा ट्रॅप घ्या, चांगली गोष्ट आहे. फक्त तो अंगणाकडे तोंड करून लावू नका. व्हाळाला उतरणारी पायवाट, आडवा पडलेला ओंडका, गडग्यातली खिंड, अशा जागी गुडघ्याच्या जरा खाली, तोंड उत्तरेला करून लावा. पूर्व-पश्चिम लावला तर सूर्य समोर येऊन निम्मे फोटो वाया जातात. समोरचं गवत कापा, कारण उन्हात तापलेलं हलतं पानही कॅमेऱ्याला जनावर वाटतं. पावसात आत सिलिका जेलची पुडी टाका आणि पंधरवड्याला उघडून बघा, मुंग्या आत घर करतात. कॅमेरा आपल्याच जमिनीत लावायचा, वनजमिनीत वनविभागाच्या परवानगीशिवाय नाही. आणि तो घेण्याआधी विष्ठा वाचायला शिका. ओंडक्यावर किंवा गडग्यावर, एकाच ठराविक जागी, भेर्ली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली की कांडेचोर रोज तिथून जातो. वारुळाला ताजं, खोल, गोलसर भगदाड असेल तर खवले मांजर येऊन गेलं असण्याची शक्यता मोठी. ते दिसलं तर कुणालाही, अगदी शेजाऱ्यालाही, बोलू नका. खवल्यांसाठी त्याला मारायला माणसं टपलेली असतात.

आता साप. धास्ती वाटणं योग्यच आहे, पण ती नेमक्या जागी हवी. आमच्या नळाशेजारच्या करवंदीच्या जाळीत एका जुलैत मलबारी चापडा येऊन बसला. पिवळा, त्यावर तपकिरी नक्षी. हा साप हिरवा, तपकिरी, नारिंगी अशा कितीतरी रंगांत असतो. बायकोने सकाळी पाणी भरताना बघितला. त्याच्यापासून चार हातांवर एक काठी रोवून तिला लाल चिंधी बांधली आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं की काठीपलीकडे जायचं नाही. तो त्याच फांदीवर, त्याच वेटोळ्यात ९ दिवस होता. दिवसा हलायचा नाही. रात्री मान थोडी पुढे काढून, वाटेवरून जाणाऱ्या बेडकाची वाट बघायचा. सहाव्या रात्री त्याने झुडपी बेडूक पकडला. मी बॅटरी लावून बसलो होतो, तरी झेप दिसली नाही, तोंडातला बेडूकच दिसला. दहाव्या सकाळी जाळी रिकामी होती. त्याने आमच्यातल्या कुणाकडे मानसुद्धा वळवली नाही. चापड्याचा दंश त्रासदायक असतो, सूज आणि वेदना खूप होतात, पण तो बहुतेक वेळा होतो तो न बघता झुडपात हात घातल्यावर.

खरी काळजी घ्यायची ती फुरशाची, कारण कोकणातल्या चिऱ्यांत, कातळात आणि लाकडांच्या ढिगाऱ्यात ते सगळ्यात जास्त सापडतं आणि आकाराने एवढं लहान असतं की लक्षात येत नाही. नाग, मण्यार आणि घोणस यांचीही. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस या चारांवरच बनलेली आहे. म्हणून घराला टेकून लाकडं, कौलं, चिरे रचू नका. रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, हा नियम मुलीला शाळेच्या वेळेइतका पक्का करा. जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात लस ठेवलेली असते, ते आत्ताच जाऊन विचारून या. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. हात किंवा पाय न हलवता, वेळ लिहून घेऊन, थेट रुग्णालय. घरात साप आला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. स्वतः पकडू नका आणि मारू तर मुळीच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि ज्याला तुम्ही सापाचं पिल्लू समजाल ते बहुतेक वेळा पिल्लू नसतंच. पहिल्या पावसानंतर केळीच्या बुंध्याशी माती उकरताना काळपट, गुळगुळीत, शेपटी तिरकी कापल्यासारखी दिसणारी वीतभर गोष्ट निघाली तर तो खापरखवल्या. जमिनीत राहतो, गांडुळं खातो, चावत नाही. अंगावर वळ्या-वळ्या असलेलं, ओलसर, डोळे जवळपास न दिसणारं निघालं तर ते देवगांडूळ. ते सापही नाही आणि गांडूळही नाही, बेडकांच्या नात्यातलं बिनपायाचं उभयचर आहे. आंबोलीच्या मातीतून त्याची एक नवी जात शास्त्राला २००३ साली मिळाली. गावोगाव कुदळीच्या घावाने ते मरतं, फक्त साप समजल्यामुळे. तुमच्या मुलीला हे दोन जीव आधी ओळखायला शिकवा. बाग खणणाऱ्या गड्याला मग तीच थांबवेल.

तुमच्या भागापुरती एक गोष्ट सापांपेक्षा महत्त्वाची आहे, ती म्हणजे माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू २०१६ पासून दोडामार्ग परिसरात माणसांमध्ये आढळतोय. तो पसरतो बारीक गोचिडीमुळे, प्रामुख्याने डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत. या काळात पातेऱ्यावर बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यात खोचा, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा आणि अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला आणि वनविभागाला कळवा. एकदम ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना जंगलाजवळ राहता हे न विसरता सांगा. पडवीत बसून बघायचा माझा आग्रह यासाठीही आहे. हत्ती २००२ पासून तुमच्या तालुक्यात येतात. ते आले असं कळलं की घरात राहा, बघायला जाऊ नका. कुत्रा रात्री आत घ्या, म्हणजे बिबट्याला तुमच्या अंगणात येण्याचं कारण उरत नाही.

मागच्या दरडीबद्दल तुम्ही सहज लिहिलंत, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. तुम्ही तिला जाळी मारून सिमेंट फवारणार आहात. घराला धोका नसेल तर निदान एक भाग मातीचा राहू द्या. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडाशी, तिबोटी खंड्या कोकणात येतो. चिमणीएवढा, जांभळा-नारिंगी-पिवळा, पायाला तीनच बोटं. असल्याच मातीच्या उभ्या दरडीत तो बीळ खोदतो आणि जून ते सप्टेंबर पिल्लं वाढवतो. पाली, सापसुरळ्या, कोळी, लहान खेकडे आणून भरवतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं दिसतं, फक्त खिडकी आणि दरड यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं नाही. हा पक्षी रात्री प्रवास करतो आणि उजेडाकडे, काचेकडे येऊन आपटतो. एका जूनमध्ये आमच्या पडवीत असा एक पडलेला सापडला, डोळे मिटलेले, चोच उघडी. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत सुती कापड घालून, त्याला तासभर अंधारात ठेवलं. पाणी पाजायचं नाही, खायला घालायचं नाही. तासाने खोकं करवंदीजवळ उघडलं, तर तो क्षणभर माझ्याकडे बघून व्हाळाकडे सरळ रेषेत गेला. त्यानंतर आम्ही काचांना बाहेरून दोऱ्या लावल्या, चार-चार बोटांच्या अंतराने. तेव्हापासून एकही आपटलेला नाही.

चिऱ्याचा गडगा तसाच ठेवा. त्याच्या फटींत सापसुरळ्या, बेडूक, कोळी राहतात. सगळीकडून सिमेंटची भिंत घातलीत तर साळिंदर, खवले मांजर आणि बेडकांची वाट बंद होते. गडग्यात खाली चार-पाच ठिकाणी हातभर रुंद मोकळी जागा सोडा.

एक वही करा. तारीख, पाऊस, कुठलं झाड फुललं-पिकलं, काय ऐकलं, काय दिसलं. ‘काही नाही’ हेही लिहा. आयनॅचरलिस्ट किंवा ईबर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंदी टाकल्यात तर त्यांचा उपयोग इतरांनाही होतो. फक्त धनेशाची ढोल, खवले मांजर, तिबोटीचं बीळ यांची जागा उघड करू नका. हाका वाजवून पक्षी जवळ बोलावू नका. त्याला ती घुसखोराची हाक वाटते आणि तो पिल्लं सोडून तुमच्या मोबाइलशी भांडायला येतो. आणि घराजवळ नवीन काय सापडणार असं मनात आणू नका. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, रोज माणसं दर्शनाला येतात त्या पाण्यात राहणारा मासा २०२० साली शास्त्राला नवी जात म्हणून कळला. आंबोली टोड २००९ साली. तोही गावाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रस्त्याच्या कडेला पहिल्या पावसाच्या डबक्यात जमणारा.

आणि आता तुमची पाण्याची टाकी. फणसाच्या फांदीखाली उघडी सिमेंटची टाकी आहे आणि पावसाच्या आधी ती घासून कोरडी करून झाकायची आहे, असं लिहिलंत. पिण्याचं पाणी दुसरीकडे असेल तर ती झाकू नका.

जूनमध्ये पहिला सलग पाऊस लागेल त्या रात्री जेवण लवकर उरका, घरातले सगळे दिवे घालवा, रेनकोट घालून टाकीशी जा आणि वीस मिनिटं अंधारात उभे राहा. डोळ्यांना तेवढा वेळ लागतो. कुजणाऱ्या फांदीवर बुरशीचा फिकट हिरवा उजेड दिसू लागला की डोळे तयार झाले. मग बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून हळू फिरवा. गवतात निळसर-हिरवे बारीक ठिपके चमकतील, ते कोळ्यांचे डोळे. झाडावर उंचावर दोन नारिंगी निखारे जवळजवळ आणि सावकाश सरकत असतील तर ती लाजवंती. बॅटरी लगेच वळवा किंवा तिच्यावर लाल कागद धरा. झुडपांतून टिक-टिक येतेय ती झुडपी बेडकांची. यांच्यातल्या काही जाती पाण्यात जातच नाहीत. पातेऱ्यात अंडी घालतात आणि अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो, डिंभक (पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू) होतच नाही.

आणि फणसाच्या फांदीवर, टाकीच्या बरोब्बर वर, पोपटी, डोळे मोठे, बोटांमध्ये लालसर-नारिंगी पडदे असलेला मलबारी उडता बेडूक असेल. मादीच्या पाठीवर नर, कधी आजूबाजूला आणखी दोघे-तिघे. ते मागचे पाय फिरवत ताक घुसळावं तसा पांढरा फेस करतात आणि त्यात अंडी घालतात. सकाळी पानांना चिकटलेला मुठीएवढा फेसाचा गोळा दिसेल. वरून वाळून तो पापडासारखा होतो, आत ओल टिकते. आठवडाभरात एखाद्या पावसाच्या सरीत तो खालून सुटतो आणि डिंभक एकेक करून पाण्यात पडतात. खाली पाणी नसेल तर सिमेंटवर पडतात. बेडकांना हात लावू नका, विशेषतः डास पळवायचं मलम लावलेला हात. त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

मुलीला दुसऱ्या दिवसापासून रोज शाळेला जाताना तो गोळा बघू दे. डिंभक पडले की टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, गप्पी मासेही सोडायचे नाहीत. त्यांना पाय फुटू लागले की टाकीच्या आतल्या बाजूला खरबरीत फळी तिरकी टेकवून ठेवा. गुळगुळीत सिमेंटवरून नव्या बेडकांना चढता येत नाही आणि ते काठाशी बुडून मरतात. फळीचं एक टोक फणसाच्या बुंध्याला लागेल असं ठेवा. ते रात्री निघतात, एकेक करून.